वारा फिरायच्या आत

आज सकाळी मला आमचं घर लांबून ओळखता आलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. सिल्व्हर पार्कच्या वळणावर रिक्षा आली की मान बाहेर काढायची, काळ्या काचा लावून बंद केलेल्या गॅलऱ्यांमध्ये एकुलती एक उघडी गॅलरी शोधायची, की ते आमचं घर. पाहुण्यांना पत्ता सांगताना आई म्हणायची, "बिल्डिंगचा एक दात पडलेला दिसेल बघा, तिथे आम्ही राहतो." आज बिल्डिंगचे सगळेच दात पडले होते. इमारत रिकामी झाली आहे, लवकरच पाडायला घेणार आहेत, आणि भंगारवाल्यांनी प्रत्येक मजल्यावरच्या सरकत्या खिडक्या चौकटींसकट काढून नेल्या आहेत. सगळ्यांच्याच गॅलऱ्या उघड्या. मला खाली उभं राहून मजले मोजावे लागले.

गेटवर नव्या टॉवरचं भलंमोठं चित्र लावलंय. चित्रात झाडं आहेत, पक्षी आहेत, गॅलरीत कॉफी पिणारी एक बाई आहे, आणि खाली लिहिलंय, 'हवेशीर घर, निरोगी घर'. वाचून हसू आलं आणि जरा रागही. या हवेशीरपणापायी आमच्या घरात एके काळी जे रामायण झालं, ते त्या चित्र काढणाऱ्याला कोण सांगणार? आणि त्या बाईला घरात राहायला आल्यावर पहिल्या वर्षातच कुणीतरी गॅलरी बंद करायचा सल्ला देईल, याची मला खात्री आहे.

मी आले होते एका दगडासाठी. नवी इमारत होईपर्यंत आई भाईंदर पूर्वेला भाड्याच्या घरात राहतेय. सामानसुमान लागलं, देव मांडले, पडदे चढले, आणि मग तिनं विचारलं, "वरवंटा कुठाय?" सगळी खोकी धुंडाळली. वरवंटा राहिलाच होता. "राहू दे गं आता, दगडच तर आहे," असं मी म्हणाले आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच "आणते" म्हणाले. आता गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत. तेव्हा मला येणं भाग होतं.

हा वरवंटा रत्नागिरीहून आलेला. पाटा गावीच राहिला, कारण तो कुणी उचलायचा? वरवंटा तेवढा आईनं कपड्यांत गुंडाळून आणला. बाबा तिला चिडवायचे, "नवरी सोडून नवरदेव तेवढा घेऊन आलीस." परळच्या चाळीत त्यानं थोडंफार काम केलं, कुणाच्या तरी पाट्यावर. मीरा रोडला आलो तेव्हा मिक्सर होता, आणि वरवंट्याला नवी नोकरी लागली. तो आमच्या दाराला लावायचा दगड झाला.

चाळीतल्या माणसांना दार बंद करायची सवयच नसते. इथे आलो त्या पहिल्या दिवशी आईनं सामान आत घेतलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि ते आपोआप लागायला लागलं म्हणून हाताला आला तो वरवंटा त्याच्यापुढे टेकवला. समोरचं दारही उघडंच होतं. तिथे एक गुजराती बाई जमिनीवर बसून खाखरे भाजत होत्या. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या घरातून वाऱ्याचा एक झोत आला, पॅसेज ओलांडून आमच्या हॉलमध्ये शिरला आणि आमच्या गॅलरीतून निघून गेला. जाताना आमच्या नव्या कॅलेंडरचं पान फडफडवून गेला. घरभर मेथीच्या खाखऱ्याचा वास पसरला. त्या बाई म्हणजे हंसाबेन. एकट्या राहायच्या, खाखरे करून बिल्डिंगमध्ये विकायच्या, मुलगा सुरतला होता.

आमची गॅलरी पश्चिमेला. तिथून तेव्हा मिठागरांची पांढरी चमक दिसायची, आणि त्यापलीकडे खाडी आहे हे दिसत नसलं तरी नाकाला कळायचं. हंसाबेनची खिडकी पूर्वेला, डोंगराकडे. दोन्ही दारं उघडी असली की दोन घरांचं मिळून एकच लांबलचक घर व्हायचं, ज्याच्या एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते. बाकीच्या मुली ते पाठ करायच्या. मला ते जेवणाच्या वासावरून कळायचे. सकाळी वारा डोंगराकडून यायचा, हंसाबेनच्या घरातून आमच्या घरात. अगरबत्ती, भाजलेली कणीक, मेथी. मग दिवस चढला की एक वेळ अशी यायची की काहीच हलायचं नाही. पडदा लोंबकळत राहायचा. आणि मग तो पडदा हळूच आत फुगायचा. वारा फिरला. आता तो खाडीकडून येणार, खारट, ओलसर, आणि आमच्या घरातलं सगळं हंसाबेनच्या घरात घेऊन जाणार.

सगळं म्हणजे काय, ते आईच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. आम्ही मासे खाणारी माणसं, आणि हंसाबेन कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्यावर आईनं कुणालाही न सांगता एक तोड काढली. आमच्या घरात मासे सकाळीच व्हायला लागले. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडायची, वारा हंसाबेनकडून येत असायचा, त्यामुळे तळणाचा सगळा वास गॅलरीतून थेट समुद्राकडे. जिथून मासे आले तिथेच वास परत, असं बाबा म्हणायचे. काशीगावहून एक मावशी टोपली घेऊन यायची. खाडीतली कोळंबी, बोयटं, कधी चिंबोऱ्या. तिला उशीर झाला की आई जिन्यात जाऊन वाट बघायची.

"किती गं उशीर केलास! आता घेऊन काय करू?"

"अगो ताजी हाय! अजून जिती हाय बघ."

"जिती आहे गं, पण वारा फिरेल ना आता."

मावशी आधी चक्रावायची. मग तिला ते कळलं आणि ती खालूनच ओरडायला लागली, "घे गो लवकर, वारा फिरला न्हाय अजून!" बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना वाटायचं की हे काहीतरी ताजेपणाबद्दल आहे.

रविवारी सकाळी आठ-नऊच्या सुमाराला आमच्याकडे सुरमई तळली जायची आणि पडदा हलायच्या आत ओटा धुऊन, लिंबू चोळून, सगळं चिडीचूप. पावसाळ्यात मात्र पंचाईत. तेव्हा वारा दिवसभर समुद्राकडूनच. श्रावणात आम्हीही पाळायचो, पण आषाढात बाबांना सुकटीची चटणी आठवायची. मग त्या दिवसापुरता वरवंटा बाजूला, दार बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. आत आम्ही चोरासारखे जेवायचो. हंसाबेन कधी काही बोलल्या नाहीत. आईला वाटायचं, आपण किती बेमालूम सांभाळतोय.

त्या वर्षांतल्या दुपारी आठवतात त्या लोडशेडिंगच्या. पंखा मंद होत होत थांबायचा, आणि मग एकेक करून घरातले आवाज कळायला लागायचे. नळाचा थेंब. खाली कुणीतरी टँकरच्या पाण्यावरून घातलेला वाद. हंसाबेनचा बत्ता. त्या मिरच्या दुपारीच कुटायच्या. आई हॉलच्या मधोमध फरशीवर आडवी व्हायची, डोकं दाराकडे, पाय गॅलरीकडे, आणि वारा तिच्या अंगावरून जायचा. हंसाबेन त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "सुमनबेन, आज तुम्हारा समंदर अच्छा चलता है." आईला हे फार आवडायचं. आयुष्यात तिच्या मालकीचं असं फारसं काही नव्हतं, समुद्र तर नव्हताच.

तेच तिचं दुखणंही होतं. चाळीतल्या एका खोलीत सासू, दीर, नणंदा, येणारेजाणारे, यांच्यात तिनं तरुणपण काढलेलं. साडी बदलायची तरी दोरीवरच्या चादरीआड. ती ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची, आणि तिची मशीन कायम कुणाच्यातरी वाटेत असायची. "एवढंसं असलं तरी चालेल," ती म्हणायची, "पण जिथून मला कुणी ऊठ म्हणणार नाही अशी जागा हवी." म्हणून बिल्डिंगमध्ये एकापाठोपाठ एक गॅलऱ्या बंद व्हायला लागल्या, काळ्या काचा चढल्या, कुणी तिथे पलंग टाकला, कुणी देवघर केलं, तेव्हा आईचे डोळे त्या काचांवरून हलेनात. बाबांनाही ते दिसलं. एका संध्याकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "आपणच राहिलोय आता. तुझी खोली करून टाकू."

काय थाट होता त्या खोलीचा! सरकत्या काचा, प्लायवूडचं कपाट, भिंतींना चकचकीत ऑइल पेंट, वर पीओपीचं छत आणि त्यात एक गोल दिवा. मशीन काचेजवळ. बाबांनी दोऱ्यांची रिळं ठेवायला खुंट्यांची फळी ठोकून दिली. पहिल्या दिवशी आई आत गेली, काच सरकवून लावली, आणि आतून म्हणाली, "मी माझ्या खोलीत आहे गं!" मी हाक मारलेली नव्हती. तिला फक्त ते वाक्य म्हणून बघायचं होतं. इतक्या आनंदात मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नव्याचा वास घराला बरेच दिवस होता. रंगाचा, गोंदाचा, ओल्या प्लायचा. आम्हाला तो श्रीमंतीचा वास वाटायचा. पाहुणे आले की नाकानं खोल श्वास घेऊन म्हणायचे, "काम नवीन वाटतंय," आणि आम्ही खूश. पण सकाळचा वारा हंसाबेनच्या घरातून यायचा, आमच्या हॉलमध्ये शिरायचा, आणि काचेशी जाऊन अडायचा. स्वयंपाकघराची खिडकी आता आईच्या खोलीत उघडत होती. पहिल्या रविवारी सुरमई तळली तर धूर खोलीत भरला, हॉलमध्ये आला, आणि तिथून पॅसेजमध्ये. आई घाबरली. "अगं बाई, हंसाबेन!" तिनं धावत जाऊन वरवंटा उचलला आणि दार लावून घेतलं.

ते दार मग लागलेलंच राहिलं. आधी मासे करतानाच, मग फोडणीच्या वेळी, मग कशाला उघड-बंद करायचं म्हणून. वरवंटा सिंकखाली गेला, फिनाइलच्या बाटलीशेजारी. मागाहून मला वाटायचं, बिल्डिंगमध्ये सगळ्यांचंच असं झालं होतं. आधी गॅलऱ्या बंद झाल्या आणि मग दारं. जिन्यातून वर येताना पूर्वी प्रत्येक मजल्याला आपापला वास असायचा. बिर्याणी, सांबार, ढोकळ्याची फोडणी. आता नुसता जिना.

त्या पावसाळ्यात कपडे आत वाळायला लागले. ते वाळायचे नाहीत, आंबायचे. ऑइल पेंटवर पाण्याचे थेंब जमायचे आणि आई रोज सकाळी जुन्या गंजीफ्रॉकनं भिंत पुसायची. "भिंतीला घाम येतोय," म्हणून मी हसायचे. पीओपीच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका आला, मग त्याचे शेजारी आले. कपाटामागून मातीसारखा वास. मच्छर म्हणून काच लावायची, काच लावली तरी मच्छर, म्हणून बंद खोलीत कॉईल लावायची. आणि त्या खोलीत आई दिवसभर बसायची, कारण ती तिची खोली होती.

खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी फोडणीचा ठसका म्हणून गेला, मग हवा बदलली म्हणून, मग धूळ म्हणून. गणपतीच्या सुमाराला ती आरती अर्ध्यात सोडून बाजूला जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं, श्वासासाठी तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि विचारलं, "घरात हल्ली काही नवीन काम केलंय का? रंग, फर्निचर?"

"नाही हो," आई म्हणाली.

मी शेजारीच बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात दाबला. "बाबांना सांगू नकोस. ते काचा काढतील." तिला कळलेलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं, आणि तरी तिला खोली हवी होती. पंपसुद्धा ती लपवून ठेवायची, बटणांच्या डब्यात. पंप घेणारी बाई म्हणजे कायमची आजारी, अशी तेव्हा समजूत होती.

मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. काचेआडून मशीन अचानक जोरात सुटायची. ब्लाउजची शिवण अशी सलग चालत नाही. थांबते, वळते, परत चालते. ही मात्र खडखडत सुटायची आणि बराच वेळ थांबायची नाही. एका दुपारी मी काच सरकवली. आई मशीनवर वाकली होती, पाय पायट्यावर जोरजोरात चालले होते, एका हातानं तोंडावर पदर दाबलेला. सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं. रिकामी मशीन पळवून ती खोकला झाकत होती. मी तिथेच उभी राहिले. आपली आई श्वास घेता घेता दमतेय, ही भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं.

मी बाबांना सांगितलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "रविवारी माणूस बोलावतो. काचा काढून टाकू."

"मुळीच नाही," आई म्हणाली. "मला काही झालेलं नाही. हवापालटाचा खोकला आहे. आणि सगळ्या बिल्डिंगनं लावल्यात, सगळे काय आजारी आहेत?" ज्या माणसानं खुंट्या मोजून ठोकल्या होत्या, त्याला तरी ते कुठे काढायचं होतं? विषय तसाच लोंबकळत राहिला.

ऑक्टोबरची दुपार होती. लोडशेडिंगची वेळ. मी कॉलेजातून आले तर आमचं दार उघडं आणि घरात कुणी नाही. समोर हंसाबेनचं दार उघडं होतं आणि त्यांच्या पूर्वेच्या खिडकीखाली आई पाटावर बसली होती, पाठ भिंतीला टेकलेली, चेहरा पांढराफटक. हंसाबेन तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या बंद खोलीत तिचा जीव इतका घुसमटला की दार उघडून ती पॅसेजमध्ये येऊन बसली होती, आणि तिथून हंसाबेननी तिला आत नेलं होतं. मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

बऱ्याच वेळानं हंसाबेन म्हणाल्या, "सुमनबेन, एक बात पूछूं? बुरा नहीं मानने का."

"पूछो ना."

"तुम्हारे घर में अब मच्छी नहीं बनती?"

आई खजील झाली. "बनती है. दरवाजा बंद करके बनाती हूं. तुमको वास नको ना, म्हणून."

"लेकिन पहले तो खुल्ला रखके बनाती थी. सवेरे. मेरी तरफ से पवन आता था तब."

आई बघतच राहिली. "तुमको मालूम था?"

"लो! नाक तो भगवान ने मुझे भी दिया है, बेन." हंसाबेन हसल्या. "मालूम था, तभी तो मैं मिर्ची दोपहर को कूटती थी. पवन फिरने के बाद. तुम्हारे घर में ठसका नहीं जाना चाहिए."

इतकी वर्षं आईला वाटत होतं की वाऱ्याचा हा हिशेब आपण एकट्याच सांभाळतोय. मिरच्या दुपारी का कुटल्या जातात, हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नव्हता.

मग हंसाबेन म्हणाल्या, "तुमने दरवाजा बंद किया, तो मुझे लगा मेरी मिर्ची से तकलीफ होती होगी. मैंने कूटना छोड़ दिया. अब तैयार पावडर लाती हूं बाजार से. तो भी तुम्हारा दरवाजा नहीं खुला."

आई आधी हसायला लागली. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता ती रडायलाच लागली. हंसाबेनचा हात धरून एवढंच म्हणाली, "नहीं हो, तुम्हारी मिर्ची नहीं. मेरी खोली." त्यांना ते कितपत कळलं कोण जाणे. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्या संध्याकाळी बाबा बूट काढत असतानाच आई म्हणाली, "अहो, काचा काढा."

"आणि तुझी खोली?"

"खोली राहू दे तिथेच. काचा तेवढ्या काढा."

रविवारी माणूस आला, पण पहिला स्क्रू बाबांनी स्वतः काढला. काचा उतरल्या, चौकट उतरली, पीओपीचा तो ठिपक्यांचा कोपरा पोत्यात गेला, प्लायचं कपाट कुणीतरी आनंदानं घेऊन गेलं. खाली सेक्रेटरी विचारत होते, "अरे काय झालं, लीकेज आहे का?" बाबा वरून म्हणाले, "हो, उलटं लीकेज. हवा आत येत नव्हती." त्यानंतर ते त्या खोलीबद्दल कधी बोलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र खुर्ची घेऊन गॅलरीत बसायचे, त्यांनीच ठोकलेल्या खुंट्यांखाली. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. खुंट्यांची ती फळी मी भाड्याच्या घरी आधीच नेलीय.

आईची खोली तिथेच राहिली. मशीन, रिळं, एक स्टूल, आणि ऊन आलं तर खाली सोडायला बांबूची चिक. पावसाळ्यात मशीन आत घ्यायची, गौरी-गणपतीनंतर परत बाहेर. कुणी विचारलं तर ती अजूनही म्हणायची, "मी माझ्या खोलीत आहे." तिच्या खोलीत चिमण्या यायच्या, हे त्यात जास्तीचं. खोकला काही एका दिवसात गेला नाही. त्या थंडीत तो कमी झाला, पुढच्या थंडीत मागे हटला, आणि पंप बटणांच्या डब्यातून उघड्यावर, फळीवर आला. मशीन पुन्हा थांबत, वळत, चालायला लागली. अभ्यास करताना तो आवाज कानावर पडला की मी निश्चिंत असायचे.

आणि काचा निघाल्या त्याच आठवड्यात, सकाळी, दाराला वरवंटा टेकवून आईनं कोळंबी केली. दुपारी पडदा आत फुगला. थोड्या वेळानं समोरून बत्त्याचा आवाज यायला लागला.

पुढे हंसाबेन सुरतला मुलाकडे गेल्या. जाताना त्यांनी आईला बत्ता दिला, आणि आईनं त्यांना फॉल लावलेली साडी. काही वर्षांनी त्या गेल्याची बातमी आली. त्यांच्या घराला कुलूप लागलं ते लागलंच. त्यानंतरही आई रोज दार उघडून वरवंटा लावायची. दुपारचा वारा गॅलरीतून यायचा, पॅसेजपर्यंत जायचा, त्या बंद दारापाशी घुटमळायचा. सकाळचा तर आलाच नाही परत. मेथीच्या वासाशिवायची सकाळ मला अजून अपुरी वाटते.

आज मी जिने चढून वर गेले. पायऱ्यांवर प्लास्टर पडलेलं, भिंतींवर आकडे लिहिलेले. आमच्या घराला दार नव्हतं. चौकट, बिजागऱ्या, कडी, सगळं गेलेलं. पण दार जिथे उघडून टेकायचं, तिथे फरशीवर वरवंटा तसाच उभा होता. भंगारात दगडाला कोण विचारतो? ज्याला अडवायचं ते दारच नाही आणि तो आपला जागेवर. मी खाली वाकले, आणि वाकलेली असतानाच माझ्या मानेवरून गार वारा गेला.

वळून बघितलं. हंसाबेनच्या घरालाही दार नव्हतं. त्यांच्या रिकाम्या हॉलमधून, त्यांच्या पूर्वेच्या खिडकीतून डोंगराचा एक हिरवा तुकडा दिसत होता, आणि तिथून वारा निघून, त्यांचं घर, पॅसेज, आमचं घर ओलांडून गॅलरीतून बाहेर जात होता. वास कसलाच नव्हता, थोडी चुन्याची धूळ. मी वरवंटा पोटाशी धरून खाली बसले, जिथे आई आडवी व्हायची तिथे. खूप दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "मिळाला का गं?"

"मिळाला. जागेवरच होता." मग मी तिला सांगितलं की समोरचं दार गेलंय, आणि वारा येतोय.

तिच्या भाड्याच्या घराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. मला फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. शांत, एकसारखा.

"कुठून येतोय?" तिनं विचारलं.

"हंसाबेनकडून."

"मग अजून फिरला नाही," आई म्हणाली. "मासे करायला वेळ आहे."